पाहिलं तेवढंच

"चंद्र खोडा," मास्तर म्हणाले. "काल आभाळ गच्च भरलेलं होतं. तुम्हाला चंद्र दिसला कुठून?"

बँकवाल्या काकांनी ओशाळून चंद्र खोडला. वाचनालयाच्या मागच्या खोलीत सगळे हसले. टेलरबाई हसली नाही. ती इथे हसायला आली नव्हती, आणि खरं सांगायचं तर हायकू शिकायलाही नव्हती आली.

तिचा मुलगा गेला त्या संध्याकाळी मास्तर आपल्या गॅलरीत बसले होते. रोजच बसायचे. खाली रस्त्यावर तिचं तरणंताठं पोर गाडीखाली आलं, आणि पोलिसांनी विचारलं तेव्हा हा गृहस्थ म्हणाला, "माझं लक्ष नव्हतं. मी काही पाहिलं नाही." दुसरा साक्षीदार नव्हताच. गाडीवाला म्हणाला, पोरगा एकदम आडवा आला. चोराच्या उलट्या बोंबा! आणि तेवढ्यावर तो सुटलाही.

लक्ष नव्हतं म्हणे! ज्याला तारेवरच्या कावळ्याचं तुटकं नख दिसतं, त्याला भर रस्त्यात माणूस मेलेला दिसत नाही? गाडीवाल्याने हात ओले केले असणार, नाहीतर कोर्टकचेरीची कटकट नको म्हणून याने तोंडाला कुलूप लावलं असणार. काय ते तिला त्याच्याच तोंडून ऐकायचं होतं. म्हणून तिने वर्गात नाव घातलं.

"तू आणि कविता?" धाकटी बहीण म्हणाली. "ताई, जन्मभर लोकांच्या पँटी आखूड केल्यास तू."

"इथेही तेच करायचंय. फक्त शब्द आखूड करायचे."

पाच अक्षरं, सात अक्षरं, पुन्हा पाच. डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहायचं. "दुःख झालं असं लिहू नका," मास्तर सांगायचे. "माणूस त्या वेळी काय करत होता तेवढं लिहा. बाकीचं वाचणारा समजून घेतो."

आधी तिच्या ओळी उसवायच्या. मग हात बसला. एकदा मास्तर म्हणाले, "वा, बाई!" तिला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचाच संताप आला.

शेवटी एका शनिवारी ती मुद्दाम मागे राहिली. बाकीचे गेल्यावर तिने वाचलं:

"गॅलरीतून
दिसला सारा रस्ता
जीभच नाही"

मास्तर म्हणाले, "पहिल्या दोन ओळी चोख आहेत. तिसरीत राग आहे. राग दिसत नसतो, बाई."

"म्हणजे ओळखलंत मला."

"पहिल्याच दिवशी."

"मग बोला ना! माझं पोर गेलं हो! किती खाल्लेत त्या गाडीवाल्याकडून?"

"छदामही नाही."

"मग घाबरलात?"

"हो," मास्तर म्हणाले. "पोलीस विचारत होते तेव्हा तुम्ही शेजारीच उभ्या होतात."

"मला गुंडाळू नका. आज ऐकल्याशिवाय मी हलायची नाही. तुम्हीच शिकवलंत ना, पाहिलं तेवढंच? मग तेवढंच सांगा. लांबण नको, तीन ओळी पुरेत."

"राहू द्या, बाई. हात जोडतो."

"आई आहे मी त्याची!"

मास्तर उठले. खोलीचं दार लावून आले. तिच्याकडे न बघता, उभ्याउभ्याच, एकेक ओळ सुटी करून म्हणाले:

"मोकळा रस्ता
गाडी येईपर्यंत
पोर थांबलं"