तात्यांचं उरलेलं वाक्य

"तू गेलीस की हे घर मला नुसतं खायला उठेल, पण..." एवढं बोलून तात्यांच्या गळ्यातलं बोलणारं यंत्र गप्प झालं. ओठ मात्र हलतच होते.

हेमांगी गोंधळली. परदेशातली नोकरी घेऊ का, असं तिने वडिलांना विचारलं होतं. हे हो म्हणायचं की नाही?

मग तिच्या लक्षात आलं. ही यंत्रं तिचीच कंपनी बनवायची, आणि त्यांच्या प्रोग्रॅममधली, लांबी न बघता वाक्यं जोडत जाणारी जुनी, धोकादायक फंक्शनं कालच तिने बदलली होती. नवी सुरक्षित होती. ठरलेल्या लांबीपुढचं सरळ कापायची. लांबी तिने ऑफिसातल्यांच्या बोलण्यावरून ठरवली होती, आणि तिथे दहा शब्दांपुढे बोलतं कोण!

"तात्या, थोडक्यात सांगा ना!"

जन्मभर पाल्हाळ लावलेल्या माणसाला तेवढंच जमेना. चिडून ते उठले, आणि आपला लोकरी मफलर तिच्या बॅगेत कोंबला.