रुपेरी पडद्याचा दुसरा हात

"गोरक्ष, खाली ये! चतुरा तुझं नाव घेऊन राहिली!"

शेजारच्या सखुबाईचा आवाज रिकाम्या थिएटरात घुमला. गोरक्ष पेंटर पडद्यासमोर बांबूच्या परांचीवर होता. हातात ब्रश, बाजूला रुपेरी रंगाचा डबा. त्याची बायको चतुराबाई सकाळपासून दोन गल्ल्या पलीकडच्या दवाखान्यात होती. सातवा महिना, आणि रक्त थांबत नव्हतं.

"आलोच. पाच फूट राहिलंय फक्त."

पेपरवाले मोठ्या कौतुकाने 'रुपेरी पडदा' लिहितात. पूर्वी म्हणे पडद्याला चांदीची भुकटी लावत, चित्र उजळ दिसावं म्हणून. चांदी गेली, नाव राहिलं. देवळाली कॅम्पातल्या या थिएटरात ते रुपं म्हणजे ॲल्युमिनियमची पूड आणि डोकं उठवणारं वार्निश. पहिला हात चुकला तरी झाकता येतो. दुसरा सुरू केला की थांबायचं नाही. मध्येच कड वाळली की जोड उठतो, आणि मग तो वर्षभर हिरॉईनच्या तोंडावरून जातो. अकरा वर्षांत गोरक्षच्या पडद्यावर असा जोड कुणी पाहिला नव्हता. त्याला त्याची फार घमेंड होती.

मॅनेजर खंडेराव धावत आले. "अरे, जा की! आजचा खेळ रद्द करतो मी. पडद्याचं काय घेऊन बसलास?"

"नको साहेब. सगळा खरवडावा लागंल. दहा मिनिटं द्या."

सखुबाईने कपाळावर हात मारला आणि ती परत पळाली. गोरक्षचा ब्रश भरभर चालला, पण सरळ. हात जरासुद्धा कापला नाही. त्या हाताची त्याला पुढे जन्मभर लाज वाटली.

शेवटची कड ओढून तो उतरला, तेव्हा खुर्च्यांच्या रांगेत चतुराचा भाऊ निवृत्ती उभा होता. अनवाणी.

"गेली?"

निवृत्तीने होकारार्थी मान हलवली.

गोरक्षने हातातला ब्रश खाली ठेवला. त्याने विचारलं, "कधीचा उभा हायेस?"

"झाला येळ."

"मग हाक का नाय मारली रं?"

"शेवटाला ताईनंच सांगितलं होतं," निवृत्ती म्हणाला. "म्हणली, ते वर चढले असतील. हाक मारू नका, दचकून पडतील."