वाण

ऑफिसातून येताच प्रबोधला आपल्या खोलीतलं कपाट सताड उघडं दिसलं. आतला जांभळा दिवा रिकाम्या फळीवर जळत होता. “आई, इथली रोपं?” पुण्याहून सिंगापूरला आलेली आई हळदीकुंकवाचं तबक पुसत होती. “संक्रांतीचं वाण म्हणून दिली. इथल्या बेडोक भागातल्या आपल्या सगळ्या मराठी बायका आल्या होत्या. प्लास्टिकचे डबे कोणाला हवेत? फुलं धरली नव्हती, पण पानं काय देखणी. तू कपाटात कोंडली होतीस बिचारी. आता त्यांच्या कॉरिडॉरमध्ये ऊन खातील.” क्षणभर त्याला हायसं वाटलं, घरात गांजाचं एकही पान उरलं नव्हतं. मग तिनं कौतुकानं ग्रुपवरचा फोटो दाखवला. या देशात गांजा बाळगणाऱ्यापेक्षा वाटणाऱ्याला शिक्षा मोठी, हे त्याला तोंडपाठ होतं. फोटोत मधोमध काळ्या साडीतली आई दोन्ही हातांनी कुंडी पुढे करून हसत होती.