मऊ पडलेला पेपर

"हा पेपर आहे की पुसायचं फडकं?" म्हणत आप्पाजींनी पेपर जगलीवर आपटला. आपटल्याचा आवाजसुद्धा झाला नाही, इतका तो मऊ होता. त्यामुळे ते आणखीच भडकले.

बंगळूरच्या बसवनगुडीतल्या त्या घरापुढच्या ओट्यावर, म्हणजे जगलीवर, रोज दुपारी मंडळी जमत. शेजारच्या तानूबाई, गिरणीतून निवृत्त झालेले कल्लाप्पा आणि त्यांची बायको यल्लव्वा. सगळे आपापल्या घरी मराठी बोलणारे, पण वाचता आलंच तर कानडी, नाहीतर काहीच नाही. निपाणीकडून मुलाकडे राहायला आलेले आप्पाजी त्यांना बेळगावचा मराठी पेपर मोठ्याने वाचून दाखवत. शाळा त्यांचीही कानडीच झाली होती, पण अभिमान मराठीचा. घरात सून कावेरी त्यांना भाजी कुठली आणायची एवढंही विचारत नसे. जगलीवर मात्र त्यांनी घसा खाकरला की यल्लव्वा सुपारी चघळायची थांबे.

रेडिओवर त्यांचा राग होता. तो राग शिळा होऊ नये म्हणून ते रोज सकाळी गांधीबाजारातल्या हॉटेलात कॉफी घेत आणि तिथल्या रेडिओवरच्या कानडी बातम्या शेवटच्या शब्दापर्यंत ऐकत. मग दुपारी सांगत, की हवेतून आलेल्या बातमीचा काय भरवसा, बातमी छापलेली पाहिजे.

आणि छापलेली बातमीही कशी! पेपर बेळगावहून दोन दिवस उशिरा येई, तरी आप्पाजी वाचत ती बातमी आज सकाळची असे. कल्लाप्पांना याचं फार नवल वाटे. मराठी पेपर पुढचं बघून लिहितो, असं आप्पाजींनी त्यांना समजावलं होतं.

आज आप्पाजींनी पेपर आपटला तशी तानूबाईंनीही कुरबुर सुरू केली. पेपर धुतलेल्या धोतरासारखा झालाय, त्याला तपकिरीचा वास येतो, कोपरेही कुरतडलेले. मग पहिल्या पानावरच्या फोटोवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "अण्णा, हा जाडा माणूस रोज फीतच कापत असतो काय?"

"मंत्री आहे," आप्पाजी म्हणाले. "दुसरं काय करणार?"

तानूबाईंना ते पटलं, पण कागदाचं पटलं नाही. म्हणाल्या, असल्या पेपरला वर्गणी भरण्यापेक्षा चौघांनी मिळून रेडिओ घेऊ. बटण फिरवलं की काम झालं. वाचायला कुणी नको.

वाचायला कुणी नको! रेडिओ आला की जगलीवर आपण कोण? सुनेच्या घरातला एक म्हातारा.

आप्पाजी ताडकन उठले. पायांत वहाणा सरकवल्या आणि जाहीर केलं, की दोष पेपरचा नाही, तो देणाऱ्या दुकानदार हयवदनचा आहे. पेपर वाचून संध्याकाळी परत करायचा, म्हणून निम्मा दर, हे ठरलेलंच होतं. पण निम्म्या दरात बातम्या पूर्ण येतात ना? मग कागद का निम्मा? परमुलखातला मराठी माणूस म्हणजे काय, त्याला काहीही खपवावं?

असं ते सगळ्या रस्त्याने बोलत गेले. मागून तानूबाई, कल्लाप्पा, यल्लव्वा. वाटेत आणखी दोघं-तिघं उगाचच सामील झाले. दुकानापाशी पोचेपर्यंत त्याचा मोर्चा झाला होता.

हयवदन शेंगदाण्यांसाठी पुड्या वळत होता. गर्दी बघून त्याने हात थांबवले. आप्पाजींनी पेपर त्याच्या नाकापुढे धरला. तो वाऱ्यावर ओल्या पंच्यासारखा लोंबला. दुसऱ्यांचे उष्टे पेपर आमच्या माथी मारतोस, तुझी ही लबाडी चव्हाट्यावर आणतो, असं त्यांनी सुनावलं.

हयवदनचा चेहरा पडला. गल्ल्यामागून उठून तो हळूच म्हणाला, "अण्णा, स्वल्प आत या. आपण दोघंच बोलू."

"आत नाही," आप्पाजी मागच्या मंडळींकडे बघत म्हणाले. "काय असेल ते चारचौघांत."

"नको अण्णा."

"चारचौघांत!"

"सरी, तुमची मर्जी," म्हणत हयवदनने त्यांच्या हातून पेपर घेतला आणि सवयीने त्याची घडी घातली. घडी आपोआप पडली. "बेळगावचं पार्सल दसऱ्यापासून बंद आहे, अण्णा. हा शेवटचा अंक. संध्याकाळी तुम्ही परत देता, सकाळी मी हाच पाठवतो. महिना झाला. पहिल्याच दिवशी तुम्ही ओरडत याल म्हणून घाबरून बसलो होतो," तो हात जोडून म्हणाला. "आज आलात, तेही कागद मऊ झाला म्हणून."