ताटातली पोळी

रंगूबाईनं सुनेच्या ताटातली पुरणपोळी उचलून घेतली. तीही ऐन दसऱ्याला, आणि सुनेच्या बापाच्या डोळ्यांदेखत.

अनिताचा हात तुपाच्या वाटीवरच थांबला. तिचे वडील, पिंपळीचे सोपानतात्या, पहिला घास तोंडात घालणार होते. तो त्यांनी ताटात परत ठेवला. वालचंदनगरच्या त्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये ते लेकीकडं सणाला आले होते.

"असं हाय व्हय, ईनबाई?" तात्या उठलेच. "म्हंजे लोक बोलत्यात ते खोटं न्हाय. अनिता, ऊठ. पिशवी भर."

लोक काय बोलत होते ते रंगूबाईलाही ठाऊक होतं. लग्नाला दोन वर्षं झाली नाहीत तोच अंगानं भरलेली पोर काटकुळी झाली. जेवली की पोट फुगायचं, सारखं परसाकडं धावायची, जिना चढताना धाप लागायची. माहेरी महिनाभर राहिली की टवटवीत होऊन यायची. मग सासू उपाशी ठेवते, याखेरीज लोकांना दुसरं काय सुचणार? तात्यांनी गणपतीतच बजावलं होतं, दसऱ्यापर्यंत पोर सुधारली नाही तर कायमची घेऊन जाईन.

आणि खरं बघायला गेलं तर रंगूबाई सुनेसाठी जिवाचं रान करत होती. तिची स्वतःची हयात मेंढरांमागं, शिळ्या भाकरीवर गेलेली. मुलगा अजित कारखान्यात लागला, क्वार्टर मिळालं, तेव्हाच तिनं ठरवून टाकलं की आपली सून चपाती खाईल. सून वाळत चालली तसं तिनं चपातीवरचं तूप वाढवलं. डॉक्टर म्हणाले ताकदीचं द्या, तर शिरा झाला, लापशी झाली, गव्हाची खीर झाली. स्वतः मात्र ती बाजरीची भाकरीच खायची. चपातीनं मेलं पोटच भरत नाही, म्हणायची.

नवरात्रात अनितानं नऊ दिवसांचे उपास धरले. "मरशील गं बाई," म्हणून रंगूबाई ओरडली, पण पोर हट्टी. भगर, दाण्याची आमटी, रताळी आणि ताक एवढ्यावर ती राहिली. चौथ्या दिवशी तिचं पोट शांत झालं. सातव्या दिवशी ती नळावरून भरला हंडा घेऊन एका दमात वर आली. आज दारात तिला बघून तात्यासुद्धा चकित झाले होते.

"काय खायला घातलं हिला?" त्यांनी विचारलं होतं.

"काय न्हाय. उपास हुता," रंगूबाई म्हणाली, आणि स्वतःच्याच उत्तरापाशी अडखळली. उपास करून कुणी सुधारतं का? हे कोडं पोळ्या लाटताना तिच्या डोक्यातून जाईना.

वाढताना ते सुटलं. मेंढी आजारी पडली की रंगूबाईचा सासरा आधी औषधाला धावत नसे. काल ती चरली कुठं, ते विचारायचा. रंगूबाईनं पोळीकडं बघितलं आणि हात घातला.

"पाव्हणं, मागनं काय रागवायचं ते रागवा," ती आता म्हणाली. "पर एकच सांगा. ही ल्हान असताना सणाला आजारी पडायची का?"

चपलेत पाय घालता घालता तात्या थबकले. "पडायची की. दर सणाला दोन-दोन दिस झोपून. नवी कापडं घालून मिरवायची, म्हून नजर लागायची. हिची आई मीठ-मिरच्या उतरून दमली."

"आन् एरवी काय खायची?"

"आमच्यात एरवी काय असणार? भाकरी. चपाती सणालाच."

"मग नजर न्हवती ती, पाव्हणं," रंगूबाई म्हणाली. "पोळी हुती. आन् मी दोन वरसं रोज सण केला हिचा."

तिनं दुरडीतली आपली भाकरी काढली आणि सुनेच्या ताटात ठेवली. काखेत कळसा अन् गावाला वळसा, तशी तिची गत झाली होती. मायेनं केलेलंच पोरीला बाधलं, या विचारानं तिला रडू आवरेना. "उपासात गहू न्हवता, तवाच पोर सुधारली. दिवाळीपतोर गहू बंद," ती डोळे पुसत म्हणाली. "फरक पडला न्हाय, तर न्या पोरीला. मी आडवी येणार न्हाय."

तात्या दारातच उभे होते. अनितानं भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि बापाकडं न बघता खाल्ला. तेव्हा त्यांनी चपला काढल्या.

दिवाळीत करंजी, शंकरपाळे बाद झाले. चिवडा आणि बेसनाचे लाडू उरले. अनिताची बांगडी पुन्हा हाताला घट्ट बसू लागली. पुढं पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांनी तपासण्या करून आजाराचं लांबलचक नाव सांगितलं, ते कुणाच्याच जिभेवर बसलं नाही. रंगूबाईनं एवढंच ध्यानात ठेवलं, की कणकेला चिकटपणा आणणारं गव्हातलंच काहीतरी पोरीला सोसत नाही. रवा, शेवया, पाव, बिस्किट जन्मभर वर्ज्य. बाजरी, ज्वारी, नाचणी, भात, डाळी, भाज्या पोटभर. तिनं सुनेसाठी परातसुद्धा वेगळी केली.

सोपानतात्या इंदापूरच्या बाजारात वांगी घेऊन बसले, की ओळखीची माणसं अजून विचारतात, "काय तात्या, पोरीची सासू कशी हाय?"

"लई मायेची," तात्या छाती फुगवून सांगतात. "ऐन दसऱ्याला, माझ्यादेखत, माझ्या पोरीच्या ताटातली पोळी काढून घेतली तिनं!"