मागच्या पायरीवरची भाकरी

अंबडच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या, एकट्याच राहणाऱ्या केरूनानांनी हरसूलला वर्षानुवर्षं रिकामं पडलेलं कौलारू घर घेतलं आणि नोकरीचा सगळा शीण तिथे उतरला. दिवसभर ओट्यावर ट्रान्झिस्टर ऐकावा, आणि तिन्हीसांजेला शेजारची साळूबाई मागच्या पायरीवर गुपचूप ठेवून जाई ती गरम नागलीची भाकरी चवीने खावी. गावची माणसं किती मायाळू, असं नानांना रोज वाटे.

एकदा त्यांनी तिला पायरीवरच गाठलं. "साळूबाई, माझ्यासाठी रोज कशाला गं एवढा त्रास?"

साळूबाईच्या तोंडचं पाणी पळालं. नानांच्या खांद्यावरून ती आतल्या अंधाऱ्या माजघराकडे बघत राहिली.



"भाकर तुमी खाता व्हय? नाना, मंग ह्या घरातला तो... तुमी आल्यापून उपाशीच हाय!"