तोरणाखाली

आमच्या सौंसरला पोळ्याच्या तोरणाखाली कोणीतरी झडती, म्हणजे खोचक कवन, म्हटल्याशिवाय बैल सुटत नाहीत. झडतीत कोणाचीही खोड काढावी आणि त्यानं ती हसून ऐकावी, अशी रीत. दोन वर्षांमागे लाल झेंडेवाल्या श्रावणनं जिनिंगमालक पुंडलिकरावांवर झडती म्हटली. ते हसले नाहीत. त्यांनी त्याला नक्सली ठरवून जेलात घातलं.

यंदा श्रावण जामिनावर सुटून आला, तर लोकांनी त्यालाच पुढे ढकललं. तो हात जोडून बराच वेळ नुसता उभा राहिला. मग सगळं कवन गाळून एकदम प्रत्येक झडतीच्या शेवटी येणारी ठरलेली ओळच म्हणाला, "एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!"

अख्खा पोळा खदखदून हसला.

पुंडलिकराव बंदोबस्ताच्या शिपायावर ओरडले, "पाहून काय रायले? धरा त्या नक्सल्याले! मी कापसात काटा मारतो म्हून सांगून रायला साऱ्याइले!"

हसणं थांबलं. सगळे मालकाकडे पाहू लागले.

"मी त काईच नाई म्हनलो, मालक," श्रावण म्हणाला. "यंदाची झडती तुमीच म्हनली."